ढकल आणि ओढ

"हे टोपलं मी डोक्यावर घालणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते हेल्मेट आहे. ते घातल्याशिवाय आत सोडत नाहीत."

"अहो, भिंत तिकडे, मी इकडे खुर्चीत. माझ्या डोक्याचा काय संबंध?"

"भिंत पडणार नाहीये, आजी," दारावरचा माणूस गंभीरपणे म्हणाला.

"मग तर टोपल्याची गरजच नाही," असं म्हणून त्या चालूसुद्धा लागल्या. मी मागून जाऊन हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला. मी गाडी शिकवतो. समोरच्याला पट्टा लावायला लावणं हे माझं रोजचं काम आहे, त्यात वयाचा आणि नात्याचा मुलाहिजा ठेवून चालत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की या जन्मात तरी मला पुन्हा त्यांच्या हातचा चहा मिळणार नाही. पण पट्टा काही काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ सासूला हेल्मेट घालून भिंत दाखवायला का घेऊन आला? तर ती भिंत माझ्या बायकोची होती. तिच्या मालकीची नव्हे, मालकीची आमची एक भिंतसुद्धा नाही, आम्ही भाड्याने राहतो. पण त्या प्रयोगशाळेत सगळे तिला 'मॅडमची भिंत'च म्हणत.

भूकंपात काँक्रीटच्या भिंतीचं काय होईल, हे आधीच सांगणं हे माझ्या बायकोचं काम. ते ती कॉम्प्युटरवर करते. भिंतीचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला त्याचा स्वभाव सांगायचा, आणि मग कॉम्प्युटरातच ती भिंत हलवायची. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून ती हेच करते आहे. मोठी पदवी घ्यायची राहून गेली, त्यामुळे अहवालावर नाव तिच्या साहेबांचं आधी येतं आणि तिचं शेवटी. तिला त्याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण?

तिने मला एकदा समजावलं होतं. "मास्तर," ती मला मास्तरच म्हणते, "भूकंप म्हणजे एक धक्का देऊन निघून जाणारा माणूस नव्हे. तो ढकलतो, ओढतो, परत ढकलतो, परत ओढतो. एका धक्क्याला उभी राहिलेली भिंत दहाव्याला राहीलच असं नाही." आमच्या घरात तारेचे हँगर टिकत नाहीत, त्याचं कारण हेच. टीव्ही बघता बघता ती हँगर हातात घेते, तार इकडे वाकवते, तिकडे वाकवते, आणि ती तुटली की नुसतं "हं" म्हणते. माझे शर्ट खुर्चीवर पडलेले असतात.

तिच्या मते काँक्रीट हे माझ्यासारखं. दाबलं तर बरंच सोसतं, ओढलं की लगेच तडकतं. आणि आतली सळई ही तिच्या आईसारखी. ताणेल, वाकेल, पण कोण कधी किती ताणून गेलं ते विसरणार नाही. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

तर त्या दिवशी जिवाला घोर होता तो याच सासूबाईंचा. त्या राहतात तिथे बऱ्याच इमारती आहेत, काही उंच, काही ठेंगण्या. सगळ्यांच्या पोटात, लिफ्ट आणि जिन्याला धरून, एकाच धाटणीची भिंत आहे. वरून पाहिलं तर टी अक्षरासारखी: एक आडवी पाटी आणि तिच्या मध्यातून निघालेला एक लांब दांडा. दूर कुठेतरी भूकंप झाला, तिथे अशाच जुन्या भिंती पायाशी चुरडल्या, आणि लगेच इकडे लिफ्टच्या दारावर नोटीस चिकटली. तपासणी होईपर्यंत राहायचं तर आपापल्या जबाबदारीवर राहा.

सासूबाईंनी लेकीला फोन केला. "राहू की निघू?"

माझी बायको तेव्हा कित्येक आठवडे त्या भिंती कॉम्प्युटरात हलवत होती. ती म्हणाली, "राहा."

एवढंच. पण त्या एका शब्दानंतर माझी बायको जेवताना मध्येच थांबायला लागली. माझ्या गाडीत माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने चूक केली की मी तो दाबतो. तिच्या कामात तसला ब्रेक नाही. तिने 'राहा' म्हटलं, आई राहिली, आणि आईबरोबर शेजारीपाजारीही राहिले, कारण "तिची मुलगी भिंतींमधलीच आहे" हे सासूबाईंनी लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

शेवटी असं ठरलं की तशीच एक भिंत, आकाराने जरा लहान, प्रयोगशाळेत बांधायची आणि खरोखर ढकलून-ओढून पाहायची. ठरलेलं अंतर हलूनही ती उभी राहिली, आणि कॉम्प्युटरने सांगितलं होतं तशीच वागली, तर लोकांनी राहायचं आणि तळमजल्यावर भिंतींचे पाय बांधून मजबूत करून घ्यायचे. नाही तर सगळ्या इमारती रिकाम्या करायच्या. आज चाचणीचा शेवटचा दिवस. सासूबाईंनी मला सकाळीच फर्मान सोडलं होतं, "मास्तर, मला तिथे न्या. माझ्या घराची परीक्षा, आणि मी घरी बसू?"

त्यांना आणायला गेलो तेव्हा सातव्या मजल्यावरचं त्यांचं दार सताड उघडं होतं. त्या दाराला वाऱ्याने धाडकन आपटायची खोड आहे, म्हणून त्याला एक निळी बॅग टेकवून ठेवलेली. मी ती बाजूला करायला गेलो तर चांगलीच जड लागली. "राहू द्या ती तिथेच," सासूबाई जरा घाईनेच म्हणाल्या आणि कुलूप शोधायला लागल्या.

*

प्रयोगशाळा म्हणजे एक उंचच उंच शेड. मधोमध ती भिंत, पांढऱ्या रंगाने रंगवलेली, म्हणजे तडे नीट दिसावेत. तिच्या वरच्या टोकाला आडवा लोखंडी जॅक लावलेला, जाडजूड, भिंतीला धरून ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या हातासारखा. बाजूला काचेची खोली, तिच्यात पडदे, आणि पडद्यांसमोर पाठमोरी माझी बायको.

जॅक चालवणाऱ्या माणसाला सगळे जॅकदादा म्हणतात. शांत, नेटका माणूस. खिशात दोन जाड पेनं, एक लाल, एक निळं. जॅक थांबला की तो शिडीवर चढायचा, भिंतीला नाक लावून नवीन तडा शोधायचा, आणि त्याच्या कडेने रेघ ओढायचा.

"हे लाल काय आणि निळं काय?" सासूबाईंनी कठड्यापलीकडून विचारलं.

"लाल ढकलीचं, आजी. निळं ओढीचं."

"ओढीनंही तडे जातात होय!"

"जास्त करून ओढीनंच जातात," जॅकदादा म्हणाला.

सासूबाईंचं लक्ष भिंतीच्या पायाशी गेलं होतं. दांड्याच्या मोकळ्या टोकाशी, जमिनीलगत, खडूने एक गोल काढला होता. अक्षर माझ्या बायकोचं, तिचा 'इ' मला कुठेही ओळखू येतो. आत लिहिलं होतं: इथे.

"इथे काय?"

"इथे फुटेल, असं मॅडमचं म्हणणं आहे. सगळ्यात आधी."

मग जॅक चालू झाला. भूकंप इतका सावकाश येतो हे मला ठाऊक नव्हतं. शिकाऊ माणूस पहिल्यांदा गाडी मागे घेतो, त्याहूनही सावकाश. सासूबाई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "हलली का?" मी म्हणायचो, "हलली." "मला तर नाही दिसली." आणि मध्येच भिंतीतून बारीक 'टक्' असा आवाज यायचा. तो आला की त्या माझं मनगट धरायच्या आणि मग लगेच, आपण धरलंच नव्हतं अशा आविर्भावात, सोडून द्यायच्या.

दुपारी जॅक थांबला आणि काचेच्या खोलीचं दार उघडलं. बायको बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. तिला मी रागावलेली पाहिलीय, थकलेली पाहिलीय. अशी मात्र कधी पाहिली नव्हती.

मागोमाग साहेब. साहेब वाईट माणूस नाही हे मी आधीच सांगतो. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"कालपर्यंत ठीक होतं," ते तिला हळू आवाजात सांगत होते, पण शेडमध्ये सगळं घुमतं. "हालचाल लहान होती तोवर दोन्ही बाजूंना सारखंच. सळया ताणायला लागल्या आणि बिघडलं. तुमचं गणित म्हणतं, पाटीकडे जाताना भिंत मऊ आणि दांड्याकडे जाताना कडक. इथे येतंय नेमकं उलट."

"मला दिसतंय, सर."

"कदाचित काँक्रीटच कुठेतरी कच्चं पडलं असेल."

"काँक्रीट मी स्वतः तपासलंय."

"मग गणित चुकलंय."

तिने मागे वळून पडद्यांकडे पाहिलं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "भिंत टिकेलही. पण का टिकली हे आपल्याला कळलं नाही, तर उरलेल्या इमारतींबद्दल मी काय बोलू? त्या वेगळ्या उंचीच्या. प्रत्येकीची भिंत काही इथे बांधून तोडता येणार नाही. तुमच्या गणितावरच सगळं आहे. ते संध्याकाळपर्यंत जुळलं नाही, तर इमारती रिकाम्या करा असंच मला कळवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"हो, सर," बायको म्हणाली. "तेच बरोबर आहे."

आणि तिने एकदा, फक्त एकदाच, कठड्यामागे हेल्मेट घालून बसलेल्या आईकडे पाहिलं. सासूबाईंनी हात हलवला. गाडी सुटताना खिडकीतल्या माणसाला हलवतात, तसा.

*

मी डबा आणला होता. कठड्याबाहेर एक बाकडं होतं, तिथे आम्ही तिघं बसलो. बायको शून्यात बघत होती. मला धीर द्यायचा म्हटला की विनोद सुचतात, आणि ते नेहमी चुकीच्या वेळी सुचतात.

"आपली पहिली भेट आठवते?" मी म्हटलं. "आई, तुम्हाला सांगतो, ही गाडी शिकायला आली. मी म्हटलं, डावीकडे घ्या. ही म्हणते, कुणाच्या डावीकडे? अहो मॅडम, आपण दोघंही एकाच बाजूला तोंड करून बसलोय!"

"ती खात्री करून घेत होती," सासूबाई म्हणाल्या.

"खात्री करून घेता घेता गाडी फुटपाथवर चढली."

बायको हसली नाही. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्या सभ्य आहेत. त्यांनी तो घास गिळला, पाणी प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, "भाजी कोणी केली?"

मी चव घेतली. अरे देवा! समुद्र बरा.

"अगं, तू मीठ घातलं होतंस?" मी बायकोला विचारलं.

"घातलं होतं."

"मला वाटलं, तुझं लक्ष कुठे आहे आजकाल, विसरली असशील. म्हणून मी घातलं."

"चव घेऊन बघायची ना!"

"तू घाईत होतीस, मी घाईत होतो."

"म्हणजे दोघांनी घातलं," सासूबाईंनी निकाल दिला आणि डबा बाजूला सारला. "काळजीवाहू दोघं आणि भाजी एक. व्हायचं तेच झालं."

बायकोचा घास हातातच राहिला होता. ती भाजीकडे बघत होती. मग भिंतीकडे. मग जॅककडे.

"दोघांनी घातलं," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि उठली. तिचा धक्का लागून डबा खाली पडला, भाजी जमिनीवर सांडली, तिला पत्ता नाही. ती जवळजवळ पळतच जॅकदादाकडे गेली. तो बिचारा कोपऱ्यात बसून आपलं जेवत होता.

"दादा, भिंत फिरवून बसवली ना आपण?"

"हो ना, मॅडम. क्रेनला जागा नव्हती. दांडा जॅककडे यायचा होता, पाटी आली."

"म्हणजे तुमचा जॅक ढकलतो तेव्हा माझ्या हिशेबातली ओढ होते."

"बरोबर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार, तुमचा घोळ नको म्हणून मी माझ्या मशीनमध्येच उलट करून टाकलं. ढकलीला ओढ, ओढीला ढकल. तुम्हाला सुलट आकडे मिळावेत म्हणून." तो घास खाली ठेवून उभा राहिला. "का? काय झालं?"

"दादा," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं की रडू ते मला आजही सांगता येणार नाही, "अहो, मीही उलट केलं! माझ्या प्रोग्रॅममध्ये! तुम्हाला त्रास नको म्हणून!"

जॅकदादाने कपाळाला हात लावला.

इतकंच झालं होतं. भिंत एकदा फिरली आणि आकडे दोनदा फिरले. कुणी निष्काळजीपणा केला असता तर हे झालं नसतं. दोन नेटकी माणसं, दोघांनाही दुसऱ्याची काळजी, आणि दोघांनीही न सांगता तीच दुरुस्ती केली. मी पुष्कळ वर्षं गाडी शिकवतोय. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन सज्जन माणसांनी एकाच बाजूला गाडी घेऊन वाट देताना ठोकल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. गुंडांच्या गाड्या अशा ठोकल्या जात नाहीत.

काचेच्या खोलीत गर्दी झाली. मला आत सोडलं नाही, पण काचेतून दिसत होतं. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक खऱ्या भिंतीची, एक बायकोच्या भिंतीची. सकाळपासून त्या भांडल्यासारख्या एकमेकींकडे पाठ करून होत्या. बायकोने काहीतरी दाबलं. एक रेघ उलटी झाली, आणि दुसरीवर जाऊन बसली. तंतोतंत म्हणत नाही, कडेला थोडीफार इकडेतिकडे होती. पण मला त्यातलं काडीचं कळत नाही, तरी मलाही कळलं की या दोघी एकाच घरच्या आहेत.

साहेब खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मी तर फोन हातात घेतला होता," ते म्हणाले. दार उघडं राहिलं होतं म्हणून ऐकू आलं. "हे तुम्हाला आत्ता कसं सुचलं?"

"भाजी खारट झाली होती, सर."

शास्त्राच्या क्षेत्रातलं माझं आजवरचं एकमेव योगदान म्हणजे ती भाजी, आणि त्याची नोंद कुठेही होणार नाही, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कारण भिंत अजून उभी राहायची होती. सगळ्यात मोठी ढकल आणि सगळ्यात मोठी ओढ शेवटी राखून ठेवली होती. त्या इमारतींवर येईल असा जेवढा मोठा भूकंप धरला होता, तेवढी.

जॅकदादाने या वेळी मोठ्याने विचारलं, "मॅडम, ढकल म्हणजे पाटीकडून दांड्याकडे. बरोबर?"

"बरोबर. जॅकपासून लांब."

"म्हणजे आजी बसल्यात त्या बाजूला?"

"हो, आईकडे," बायको म्हणाली. सगळे हसले. सासूबाईंनी आपणहून पट्टा घट्ट केला.

जॅक चालला. या वेळी भिंत हलताना मलाही दिसली. वरचं टोक आमच्याकडे झुकत गेलं आणि टक् टक् आवाज यायला लागले, एकामागून एक. खडूच्या गोलात बारीक रेघा उमटल्या. मग एक खपली सुटली. मग बरीच. काँक्रीट तळहाताएवढ्या तुकड्यांनी गळून पडायला लागलं, 'इथे'तला 'इ' गेला, मागून 'थे'सुद्धा गेला, आत सळया दिसायला लागल्या. बाकी भिंतीवर कुठेही नाही, फक्त तिथेच.

"अगंबाई, चालली," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही चालली," बायको म्हणाली. ती केव्हा येऊन आमच्याशेजारी उभी राहिली होती कोण जाणे. "वजन पेलतेय अजून. बघ."

मग ओढलं. परत ढकललं. परत ओढलं. भिंत कुरकुरली, धूळ उडाली, पण ती उभी होती. साहेब खोलीच्या दारात आले आणि त्यांनी नुसता अंगठा वर केला. फोन त्यांच्या कानालाच होता. "राहू द्या," ते कुणाला तरी सांगत होते. "सगळ्यांना राहू द्या. पाय बांधून घ्यावे लागतील, कामाचं लेखी पाठवतो. पण कुणालाही हलवायची गरज नाही."

बायको मटकन बाकड्यावर बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने भिजली होती. मी विनोद केला नाही. असं क्वचित घडतं.

पुढची चाचणी नियमासाठी होती: भिंत तुटेपर्यंत. ठरल्यापेक्षा बरंच जास्त हलवल्यावर एक सळई तुटली. त्या आवाजाने सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि या वेळी सोडलं नाही. बायको मात्र भिंतीकडे बघून म्हणाली, "हं." हँगर तुटल्यावर म्हणते, अगदी तसंच.

सगळं थंड झाल्यावर सासूबाई उठल्या. "मला जवळून बघू द्या." जॅकदादाने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि त्याने कठडा बाजूला केला. सासूबाई भिंतीपाशी गेल्या. ती सगळी लाल-निळ्या रेघांनी भरून गेली होती, पायाशी फुटली होती, पण सरळ उभी होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"फार सोसलंस गं," त्या म्हणाल्या.

बायको त्यांच्या शेजारीच उभी होती. हे त्या भिंतीला म्हणाल्या की लेकीला, मी विचारलं नाही.

"आता हिचं काय करणार?"

"तोडून भर घालायला देतो, आजी," जॅकदादा म्हणाला.

"मग एक तुकडा मला द्या."

त्याने गोलातून गळालेला एक चांगला ऐसपैस तुकडा निवडून, पुसून दिला. त्याच्या एका कडेला खडू लागलेला होता.

*

त्यांना सोडायला आम्ही दोघंही गेलो. लिफ्टच्या दारावर ती नोटीस होतीच. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे एक काका भेटले. "काय झालं?" त्यांनी भीतभीतच विचारलं. "काय व्हायचंय? मी सांगितलं नव्हतं का?" सासूबाई म्हणाल्या. काकांनी लिफ्टच्या भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले.

कुलूप उघडलं. दाराच्या आत ती निळी बॅग होतीच. बायको तिला अडखळली.

"ही बॅग इथे का, आई?"

"दाराला टेकण. आपटतं ना."

"इतकी जड?" तिने वाकून चेन उघडली. मीही डोकावलो. वर औषधांची पिशवी. खाली घडी केलेले कपडे, टूथब्रश, चपलांचा जोड, टॉवेलात गुंडाळलेला सासऱ्यांचा फोटो.

बायकोने फोटोवरचा टॉवेल सारखा केला. "तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"वेडी आहेस का?" सासूबाई हेल्मेटने चपटे झालेले केस सारखे करत म्हणाल्या. "विश्वास नव्हता तर राहिले असते का इथे? पण समज, तुझं चुकलं असतं. तर तुलाच मला सांगावं लागलं असतं ना, आई, ऊठ, निघ, म्हणून. तुला कसं झालं असतं ते सांगताना? तेवढं तरी तुझ्या वाट्याला येऊ नये. तू फोन केला असतास की मी म्हणणार होते, मी तर केव्हाची तयार आहे."

बायको म्हणाली, "मी छोटी खोली रिकामी केली होती. तुझ्यासाठी. मास्तरांना सांगितलं, टेबलावर उजेड कमी पडतो."

टेबल मी एकट्याने उचललं होतं. उजेडाचं कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण मी काही इतका खुळा नाही, मी निमूट उचललं होतं.

"ती छोटी खोली?" सासूबाई म्हणाल्या. "तिच्यात माझं कपाट तरी मावलं असतं का?"

आणि मग दोघी हसायला लागल्या. हसता हसता बायको रडली, आणि सासूबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत "पुरे, पुरे" म्हणत राहिल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. साखर कुणी घालायची ते आधी मोठ्याने विचारून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा बॅग रिकामी झाली होती. फोटो भिंतीवर जागेवर गेला होता. टेकण नाही म्हणताच दार वाऱ्याने आपटायला निघालं, आणि सासूबाईंनी तो काँक्रीटचा तुकडा पायाने सरकवून त्याच्याखाली दिला. दार थांबलं.

"टिकेल ना गं हा?" त्यांनी विचारलं.

"टिकेल, आई," बायको म्हणाली, आणि चहाचा कप घेऊन दाराशी जमिनीवरच बसली.